गोव्याच्या हवेत विणायला लिनन बरं की सुती?

गोव्यात अंगात घालायला काही विणायचं तर लोकरीचा प्रश्नच येत नाही. उरतात दोन धागे: सुती आणि लिनन. लिनन म्हणजे जवसाच्या खोडातले तंतू. दुकानात दोन्ही चाचपून पाहिले की कोणीही सुतीच उचलेल, कारण कोरं लिनन सुतळीसारखं कडक लागतं. चार-पाच धुण्यांनंतर मात्र ते मऊ पडतं आणि वर्षानुवर्षं टिकतं.

खरा फरक कळतो जून ते सप्टेंबर. जाड सुती टॉप धुतला की पाणी धरून जड होतो, दोरीवर टांगला तर स्वतःच्याच वजनाने लांबतो आणि ओलसर राहिला की बुरशीचे काळे ठिपके ठरलेले. लिनन लवकर सुकतं. पण अर्धवट ओलं कपाटात कोंबलं तर बुरशी त्यालाही सोडत नाही.

हाताला सुती सोपा. लिनन जवळपास ताणलंच जात नाही, त्यामुळे टाके लहान-मोठे दिसतात आणि मनगट दुखतं. स्टीलच्या सुईवरून ते घसरतं, म्हणून बांबूची सुई घ्या. सुती धागा स्टीलवर छान चालतो. घामट हातांनी बांबूवर तोच अडकतो.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट तिरकेपणा. एक ओळ सुलट, एक उलट अशी साधी वीण लिननमध्ये एका बाजूला सरकते: चौकोन विणावा आणि धुतल्यावर पतंगासारखा तिरपा तुकडा हाती यावा. धाग्यातला पीळ उलगडू पाहतो आणि कडक तंतू तो जिरवत नाही. सगळ्या ओळी सुलट विणा, नाहीतर साबुदाणा वीण (एक टाका सुलट, एक उलट, पुढच्या ओळीत त्यांची अदलाबदल) घ्या, तिरकेपणा जातो.

आधी नमुन्याचा छोटा तुकडा विणणं टाळू नका. ३.५ मिमी सुईवर ३६ टाके घालून चौकोन विणा, पुढे कपडा जसा धुणार तसाच धुवा, सुकवा आणि मधल्या १० सेंमीत किती टाके बसतात ते मोजा. धुण्याआधीचं माप विसरा. लिननची गाठ सुटते, म्हणून नवा धागा काठालाच जोडा, १५ सेंमी शेपूट सोडा आणि ती शिवणीत ओवा. गुंडा आतून ओढला तर कोसळून गुंता होतो; बाहेरून सोडा. नारळाच्या करवंटीत ठेवला की घरभर गडगडत नाही.

मनगटाला आवळणारा काठ हवा असेल तर लिनन नकोच, तो ढिलाच राहतो. सरळ, सैल, बिनबाह्यांचा टॉप मात्र त्यात झकास पडतो.

सुया पहिल्यांदाच हातात धरत असाल तर सुती घ्या. हात बसलेला असेल तर लिनन, पण टॉपला हात घालण्याआधी एक हातपुसणं विणा: फसलं तरी स्वयंपाकघरात खपतं. दोन्हींचा मिश्र धागा मिळाला तर तो हाताला सुतीच्या जवळ जातो, आणि शुद्ध सुतीपेक्षा कमी लोंबतो.