बल्करसाठी फिफ्थ व्हील: ग्रीसवालं की लायनरवालं? पावसाळा ते उन्हाळा वापरानंतरचा अनुभव

फिफ्थ व्हील म्हणजे घोड्यावरची (ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकवरची) ट्रेलर अडकवायची लोखंडी प्लेट. बल्करसाठी, म्हणजे सिमेंट-राखेच्या टाकीच्या ट्रेलरसाठी, ते घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, ‘किती टनाचं?’ त्याचं उत्तर सोपं आहे. चार बाय दोन (दोन एक्सलचा) घोडा आणि तीन एक्सलचा ट्रेलर मिळून ४५.५ टन, सहा बाय चार (तीन एक्सलचा) घोडा असेल तर ५५ टन. ५५ टनांच्या जोडीत घोड्यावर १९ टन भार धरला तर डी-व्हॅल्यू, म्हणजे जोडावर येणाऱ्या आडव्या ओढीचं माप, साधारण १३८ किलोन्यूटन निघते. २ इंची किंगपिनची (ट्रेलरच्या तळाची, प्लेटच्या जबड्यात अडकणारी पिन), २० टन आणि १५२ किलोन्यूटनची प्लेट सर्रास मिळते, तिच्यात हे काम भागतं. साडेतीन इंची किंगपिन अवजड मशिनरी ओढणाऱ्यांनी घ्यावी.

आपल्याकडे निकाल लावते ती धूळ. सोलापूरजवळच्या आहेरवाडीच्या वीज प्रकल्पाची राख किंवा होटगीचं सिमेंट भरणाऱ्या गाड्यांना प्लँटच्या आवारातच इतकी धूळ मिळते की ग्रीसवाल्या प्लेटवर थोड्याच दिवसांत करडा लगदा तयार होतो. बोटांत चोळून बघा, पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. मग ते ग्रीस वंगण राहत नाही, प्लेट घासायला लागतं. त्यावर नवीन ग्रीस थापणं म्हणजे घाण आत कोंडणं. खरवडून, डिझेलच्या फडक्याने पुसून, कोरडं करून मगच एक्स्ट्रीम प्रेशर लिथियम ग्रीस लावायचं, ग्राफाइट किंवा मॉली (मॉलिब्डेनम डायसल्फाइड) असलेलं. हे राखेच्या कामात आठवड्याला करावं लागतं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. प्लेट कोरडी पडली की स्टिअरिंग जड होतं आणि वळणावर घोडा सरळ जायला बघतो. पावसात ओल्या रस्त्यावर हे भलतंच धोक्याचं.

लायनरवाल्या प्लेटवर दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या जाड पट्ट्या असतात, त्यामुळे वरच्या पृष्ठभागाला ग्रीस लागत नाही. राखेच्या कामात याचा फरक लगेच कळतो: लगदा होत नाही, स्टिअरिंग सारखं हलकं राहतं, मेच्या उन्हात पातळ झालेलं ग्रीस चासीवर ओघळत नाही. किंमत जास्त आहे, पण एक घोडा आणि एकच बल्कर अशी कायमची जोडी असेल तर आमच्या मते हेच घ्यावं.

मात्र ‘ग्रीस-फ्री’ या शब्दावर जाऊ नका. वरची प्लेट ग्रीस-फ्री आहे, जबडा नाही. किंगपिनला धरणारा जबडा आणि लॉकिंग बार यांना ग्रीस लागतंच, आणि गाडी प्रेशरने धुतली की आधी तेच वाहून जातं. धुलाईनंतर जबडा उघडून ग्रीस भरल्याशिवाय ट्रेलर जोडू नये.

लायनर बसवण्याआधी ट्रेलरच्या खालची प्लेट हाताने चाचपून बघा. वेल्डिंगचे थेंब, वाकलेली कड, खोल ओरखडा यांपैकी काहीही असेल तर नवा लायनर सोलला जातो. ग्राइंडरने साफ करा, जुनं ग्रीस पूर्ण पुसा. ग्रीसवर चालणारा दुसऱ्याचा ट्रेलर एकदा जरी अडकवला तरी त्याच्या ग्रीसमधली वाळू लायनरमध्ये रुतून बसते. म्हणून साखर किंवा कंटेनरचं काम करणाऱ्यांनी, ज्यांचे ट्रेलर अदलून-बदलून लागतात, त्यांनी ग्रीसवालंच ठेवावं. लायनर झिजून स्क्रूची डोकी त्याच्या पातळीला येऊ लागली की बदला; डोकी ट्रेलरच्या प्लेटला घासली तर ट्रेलरचंही काम निघतं.

जोडताना ट्रेलरची प्लेट फिफ्थ व्हीलच्या पातळीला किंवा एक-दोन इंच खाली हवी. ट्रेलर उंच राहिला तर किंगपिन जबड्यात न जाता वरून सरकतो, आणि लॉकचा आवाज आला तरी पकड नसते. म्हणून आवाजावर भरवसा नको. ट्रेलरचा ब्रेक धरून पहिल्या गिअरमध्ये घोडा हलकेच पुढे ओढा, मग मागून बॅटरी मारून बघा: जबडा किंगपिनच्या मागे बंद दिसला पाहिजे आणि दोन प्लेटांमध्ये फट नको. हँडल आत, सेफ्टी क्लिप लावलेली. ट्रेलरचे टेकूचे पाय उचलायचे ते यानंतर.

ब्रेक मारताना ‘ठक’ असा झटका जाणवला तर बरेच मिस्त्री थेट जबडा आवळतात. आधी किंगपिन मोजा. २ इंची पिन नवी ५०.८ मिलीमीटरची असते, ४९ ला बाद. तिचा वरचा, ट्रेलरच्या प्लेटलगतचा मोठा व्यास ७३ चा, तो ७१ ला बाद. व्हर्नियर पुढून-मागे आणि आडवा, दोन्हीकडे लावा, कारण ओढण्याने आणि ब्रेकने झीज पुढच्या-मागच्या बाजूलाच जास्त होते. पिन मापात असेल तरच जबडा अॅडजस्ट करा. झिजलेली पिन वेल्डिंगने भरून लेथवर उतरवून देणारे गॅरेजवाले भेटतील, नको म्हणा. ती उष्णता-प्रक्रिया केलेली फोर्जिंग असते, वेल्डिंगने तिच्यात केसासारखी चीर पडते आणि ती पुढे कुठल्या उतारावर उघडी पडेल सांगता येत नाही. पिन नवीच घ्या, आणि तिच्यासोबत जबड्याचा वेअर रिंगही (झीज सोसणारी कडी) बदला.