सेंट मेरी मीड की शेटलंड: आधी कुठल्या गावात शिरायचं?

शांत गाव, एक खून, आणि तो उलगडता उलगडता घराघरांत झाकून ठेवलेलं सगळं उजेडात. या जातीच्या ब्रिटिश कादंबऱ्या वाचायचं मनावर घेतलं की दोन नावं हमखास पुढे येतात. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल, म्हणजे सेंट मेरी मीड गावात राहणारी आणि खुनांचा छडा लावणारी म्हातारी, आणि अ‍ॅन क्लीव्ह्जची शेटलंड मालिका. अलीकडे ओळखीतल्या तिघांनी मला विचारलं की वेळ एकाच मालिकेपुरता आहे, तर कुठली घेऊ? मी मार्पलच्या बाराही कादंबऱ्या आणि शेटलंडची आठही पुस्तकं वाचली आहेत, काही दोनदा. त्यावरून जे वाटलं ते लिहितो. रहस्याचा शेवट कुठेही फोडलेला नाही.

मार्पलचं बलस्थान म्हणजे माणसं ओळखण्याची तिची रीत. समोरच्या माणसाला बघून तिला गावातला कुणीतरी आठवतो. अमक्या बाईकडे असलेली मोलकरीण, तमक्याचा लबाड भाचा. त्या आठवणीवरून ती आजच्या माणसाचा अंदाज बांधते आणि तो बरोबर निघतो. पहिल्यांदा वाचताना मला ही लेखिकेची सोय वाटली होती. मग आठवलं, माझी आजी नेमकं हेच करायची. लग्नासाठी मुलगा बघून आल्यावर शिक्षण, पगार यांबद्दल एक शब्द न बोलता म्हणायची, "हा आपल्या धाकट्या नानाच्या वळणावर गेलाय." आणि बहुतेक वेळा तसंच निघायचं. एका गावात आयुष्य काढलेल्या बाईला जग किती दिसतं, हे ख्रिस्तीइतकं नेमकं क्वचितच कुणी लिहिलं असेल.

दुसरी गोष्ट म्हणजे ही गावं गोठलेली नाहीत. १९३० साली पहिल्या कादंबरीत दिसलेलं सेंट मेरी मीड १९६२ सालापर्यंत बदललेलं असतं, गावाला लागून नवी वसाहत उठलेली असते आणि म्हाताऱ्या मार्पलला ते सगळं नव्यानं समजून घ्यावं लागतं. १९५० सालच्या 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'मध्ये युद्ध संपलंय, पण रेशनिंग चालूच आहे आणि शेजारीपाजारी लोण्याची गुपचूप देवघेव करतात. तिथे मार्पल जे म्हणते त्याचा मथितार्थ असा: पंधरा वर्षांपूर्वी गावात कोण कोणाचं, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. नवं माणूस आलं तर ओळखीपाळखीतून यायचं. आता माणूस स्वतः सांगेल तेच त्याचं नावगाव. एवढ्या निरीक्षणावर अख्खी कादंबरी उभी राहते. युद्धानंतरचं इंग्लंड मला इतिहासाच्या पुस्तकापेक्षा इथे जास्त समजलं.

आता शेटलंड. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात असलेली ही बेटं, वस्ती जेमतेम तेवीस हजारांची. ऐन हिवाळ्यात दिवसाचा उजेड सहा तासही नसतो. २००६ सालच्या 'रेव्हन ब्लॅक'ची सुरुवात मॅग्नस टेट नावाच्या म्हाताऱ्यापासून होते. नववर्षाची रात्र आहे. त्या रात्री एकमेकांच्या घरी जायची तिथे रीत आहे, म्हणून तो पाहुण्यांसाठी सगळं मांडून वाट बघत बसलाय. वर्षानुवर्षं त्याच्याकडे कुणी फिरकलेलं नाही, कारण आठ वर्षांपूर्वी गावातली एक लहान मुलगी नाहीशी झाली आणि संशय त्याच्यावर गेला. काही सिद्ध झालं नाही. त्या रात्री दोन मुली मात्र खरंच दार वाजवतात. नंतर त्यातलीच एक, कॅथरीन रॉस, त्याच्या घराजवळच्या बर्फात मेलेली सापडते. गावाला पुरावा शोधायची गरजच वाटत नाही.

तपास करणारा जिमी पेरेझ हा फेअर आइल या त्याहून छोट्या बेटावरचा. १५८८ साली स्पॅनिश आरमारातलं एक जहाज तिथे फुटलं होतं, आणि त्याच्या स्पॅनिश आडनावाचा धागा तिथवर नेऊन जोडलाय. म्हणजे हा माणूस घरचाही आहे आणि थोडा बाहेरचाही. मार्पल समोरच्याला वाचते, पेरेझ समोरच्याचं ऐकून घेतो. बोलणाऱ्याला तो इतका वेळ देतो की पहिल्या पुस्तकात कधीकधी मलाच घाई झाली.

माझा कौल मात्र या गुणदोषांवर ठरला नाही. तो ठरला एका खुपणाऱ्या गोष्टीवर, आणि ती मार्पलच्या कादंबऱ्यांच्या शेवटच्या प्रकरणांत आहे.

आधी आमच्या वाडीतला एक प्रसंग सांगतो. मी शाळेत असताना देवळातली मोठी समई चोरीला गेली. वाडीच्या टोकाला एकटे राहणारे एक काका होते, कुणात फारसे न मिसळणारे. पोलिसांत कुणी गेलं नाही, तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण संशय त्यांच्यावर गेला. चारेक महिन्यांनी उत्सवाचं सामान काढताना समई अडगळीच्या खोलीत सापडली, सतरंज्यांच्या गठ्ठ्यामागे. "सापडली एकदाची" म्हणून सगळे मोकळे झाले. पण आमच्या किराणा दुकानात एरवी मालक स्वतः उठून माल काढून द्यायचा. काका आले की मात्र तो गल्ला सोडायचा नाही, मुलाला उठवायचा. समई सापडल्यावरही ते तसंच चालू राहिलं. मी दहावी होऊन गाव सोडेपर्यंत मी ते बघत होतो.

म्हणून मार्पलची कादंबरी संपत आली की माझं मन अडतं. खुनी सापडतो, मार्पल शांतपणे सगळा उलगडा करते आणि गाव जणू पुन्हा धुतल्यासारखं स्वच्छ होतं. ज्यांच्यावर दोनशे पानं संशय घेतला त्यांचं लग्न ठरतं, नाहीतर ते चहाला येतात. एकमेकांबद्दल जे बोलून झालं ते कुठे जातं? पहिल्या दोन-तीन पुस्तकांत मी ते सोडून दिलं. सातव्या-आठव्यापर्यंत त्याचा त्रास व्हायला लागला.

ख्रिस्तीला हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. उलट 'द थर्टीन प्रॉब्लेम्स'मधली चार संशयितांची कथा याच विषयावर आहे: गुन्हा एकानं केलाय, पण खरं बाहेर आलं नाही तर उरलेले तिघं निर्दोष जन्मभर संशयात राहणार. 'द बॉडी इन द लायब्ररी'मध्ये घरात प्रेत सापडल्यावर आधी हुरळलेली मिसेस बँट्री नंतर घाबरते, कारण लोक तिच्या नवऱ्याला टाळायला लागलेले तिला दिसतात. 'द मूव्हिंग फिंगर'मध्ये निनावी पत्रांनी गावाची झोप उडते, आणि तिथली पाद्र्याची बायको विचारते की या गावात खरी लाजिरवाणी गुपितं इतकी पडली असताना पत्र लिहिणारा ती का वापरत नाही? हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. म्हणजे जखम ख्रिस्तीला नेमकी दिसते. पण ती कोडं सोडवायला निघालेली लेखिका आहे, कोडं सुटलं की ती उठते. तिच्या लेखनाचा तो बाज आहे, त्याला दोष म्हणणं कदाचित अन्यायाचं होईल. मला ते पुरत नाही, इतकंच.

क्लीव्ह्ज तिथेच थांबून राहते. मॅग्नसच्या बाबतीत गावाला आपली चूक कळते तेव्हा वातावरण मोकळं होत नाही, जड होतं. २००९ सालच्या 'रेड बोन्स'मध्ये तर हवालदार सँडी विल्सनची आजीच गोळी लागून मरते आणि त्याला स्वतःच्या घरच्यांना प्रश्न विचारावे लागतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या नॉर्वेकडे शेटलंडहून छोट्या बोटी चोरून जायच्या, त्या काळाची सावली या घरावर आहे. आईशी बोलताना सँडीची जी ओढाताण होते, ती उलगडा कळल्यावरही माझ्या मनातून गेली नाही.

शेटलंडमध्येही उणिवा आहेत. एवढ्याशा बेटांवर पुस्तकामागून पुस्तक खून होत राहतात, हे मनाला पटवून घ्यावं लागतं. शेवट कधीकधी घाईत उरकल्यासारखा वाटतो, त्या बाबतीत ख्रिस्तीची वीण कितीतरी घट्ट आहे. कोड्याचा निखळ आनंद हवा असेल, पुस्तकं सुटी सुटी, मिळतील तशी वाचायची असतील, तर बेलाशक मार्पल घ्या, आणि 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'पासून सुरू करा. ख्रिस्तीचे मराठी अनुवादही मिळतात, घरातल्या मोठ्यांना द्यायला ते उत्तम.

पण विचारणाऱ्या तिघांनाही मी 'रेव्हन ब्लॅक' दिलं. सोबत एकच ताकीद: शेटलंड क्रमानेच वाचा. पहिली चार पुस्तकं चार ऋतूंची आहेत: हिवाळा, उन्हाळा, वसंत, शरद. त्यातल्या चौथ्या, 'ब्लू लायटनिंग'च्या शेवटी असं काही घडतं की पुढची सगळी मालिका त्याच्या छायेत चालते. मला जुन्या पुस्तकांच्या ढिगात आधी पाचवं मिळालं, मी ते घेऊन बसलो, आणि सुरुवातीच्या काही पानांतच तो शेवट कळून गेला. पुढे चौथं वाचताना, ज्या व्यक्तीबाबत ते घडतं ती हसली की माझ्या पोटात कालवायचं. तुम्ही ते पुस्तक काही माहीत नसताना वाचा.