पर्शियन मांजर आणावं की सयामी?

फोटो बघून पर्शियन ठरवणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी आधी विचारते, रोज पंधरा-वीस मिनिटं फणी घेऊन बसणार का? सयामी हवं म्हणणाऱ्यांना विचारते, दिवसाचे किती तास घराला कुलूप असतं? माझ्याकडे दोन्ही झाली आहेत. पर्शियन बोका अकरा वर्षं होता, सयामी भाटी आता सहा वर्षांची आहे. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्मा निर्णय झालेला असतो.

दिसायला दोघं दोन टोकांची. पर्शियन बुटकं, रुंद छातीचं, गोल डोक्याचं आणि नकटं. सयामी सडपातळ, लांब पायांचं, निमुळत्या तोंडाचं. कान मोठे, केस अंगासरशी बसलेले आणि डोळे निळेच. वजनात फारसा फरक नसतो. पर्शियनला अंघोळ घातली की एवढ्या केसांखालचं मांजर केवढंसं आहे ते कळतं.

सयामीच्या रंगाचं मला अजून नवल वाटतं. पिल्लं जन्मतात ती जवळजवळ पांढरी. रंग बनवणारं त्यांचं विकर (एन्झाइम) अंगाच्या उबेत नीट काम करत नाही, त्यामुळे कान, तोंड, पंजे आणि शेपूट अशा थंड राहणाऱ्या जागाच गडद होतात. माझ्या भाटीच्या नसबंदीच्या वेळी कुशीवरचे केस भादरले होते. तिथे नवे केस आले ते चॉकलेटी, आणि पुढे ते गळून पुन्हा फिके आले! वय वाढेल तसं सगळं अंगच थोडं गडद होत जातं, तेव्हा पिल्लाचा आजचा रंग कायमचा समजू नका.

पर्शियनचे केस मात्र रोजचं काम आहे. वरवर विंचरलं की मांजर छान दिसतं आणि काखेत, कानांमागे गुंता तसाच राहतो. बोटांनी केस फाकवून मुळापासून स्टीलची फणी घालावी लागते. एका पावसाळ्यात मी आठवडाभर टाळाटाळ केली, तर पुढच्या पायाच्या काखेत सुपारीएवढी गाठ झाली आणि बोका तो पाय आखडून चालायला लागला. अशा गाठीला कात्री लावू नका. कातडी पातळ असते, गाठीबरोबर वर ओढली जाते आणि कापली जाते. आम्ही डॉक्टरांकडे मशीनने काढून घेतली. शिवाय रोज ओल्या कापसाने डोळ्यांतली घाण पुसायची आणि दमट हवेत गजकर्णावर लक्ष ठेवायचं, कारण ते माणसांनाही लागतं.

आपल्याकडे विकणारे ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’ आणि ‘पंच फेस’ असे प्रकार सांगतात. तोंड जितकं चपटं तितकी किंमत जास्त. कृपा करून पंचच्या मागे लागू नका. नाक आत दबलं की श्वास जड होतो, डोळे सतत वाहतात, ऊन सोसत नाही. नाक नीट असलेलं डॉल फेसच घ्या, आणि नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात एसीची सोय नसेल तर तेही नको.

दुसरी भीती मूत्रपिंडाची. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे, त्याला पीकेडी म्हणतात. आई किंवा बाप, एकाकडून दोष आला तरी पुरतो. चाचण्या सुरू झाल्या तेव्हा अनेक देशांत तिनातल्या एका पर्शियनमध्ये, कुठे त्याहूनही जास्त, तो सापडला होता. डीएनए चाचणीत तो कळतो, म्हणून पिल्लाच्या आईबापांचा रिपोर्ट मागा. टाळाटाळ झाली तर तिथून निघा.

स्वभावाचं म्हणाल तर पर्शियन शांत. आमचा बोका टीव्हीच्या कपाटावर कधी चढला नाही, पाहुणे आले की आतल्या खोलीत जायचा आणि जेवणाखेरीज क्वचितच ओरडायचा. सयामी बोलतं. आवाज तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा, आणि तुम्ही उत्तर दिलंत की ते पुन्हा बोलतं. भाटी दाराची कडी खाली ओढून दार उघडते, मी भाजी निवडायला बसले की मांडीवर येते. दिवसभर एकटं पडलं तर हे मांजर खरोखर खंगतं. दोघंही नोकरीला जात असाल तर सयामी एक आणू नका, दोन आणा. आणि भाटीची नसबंदी वेळेवर करा. माजावर आलेल्या सयामीचं रात्रीचं ओरडणं सगळ्या इमारतीला ऐकू जातं.

घरात आजी-आजोबा असले की लोक शांत म्हणून पर्शियन सुचवतात. मी सयामी सुचवते. विंचरायला फार लागत नाही आणि बोलायला कुणीतरी असतं. माझ्या सासूबाई दुपारभर तिच्याशी गप्पा मारतात.

खरं सयामी इथे सहज मिळत नाही, हेही सांगायला हवं. लांब केस, चपटं तोंड, गडद कान आणि निळे डोळे असं पिल्लू कुणी सयामी म्हणून दाखवलं तर ते हिमालयन असणार. त्याचा हिमालयाशी संबंध नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत हार्वर्डमध्ये पर्शियन आणि सयामी यांच्या संकरातून या वाणाची सुरुवात झाली. त्याला फणी पर्शियनइतकीच लागते.

कोणतंही ठरवा, पिल्लू बारा आठवड्यांचं होईपर्यंत आईपाशी राहू द्या. तेवढ्या वेळात खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी बसवून घ्या.