डाउन: कुठली रेकॉर्ड आधी घ्यावी

पँटेराचा फिल अन्सेल्मो, कोरोजन ऑफ कन्फॉर्मिटीचा पेपर कीनन, क्रोबारचे कर्क विंडस्टीन आणि टॉड स्ट्रेंज, आयहेटगॉडचा जिमी बोअर: न्यू ऑर्लिन्सच्या या मंडळींनी आपापल्या बँडबाहेर एकत्र येऊन केलेला हेवी मेटल बँड म्हणजे डाउन. त्यांची १९९५ची पहिली रेकॉर्ड ‘नोला’ आधी घ्या. गिटारच्या तारा खालच्या सुरात उतरवलेल्या, चाल जड, तरी दोन गिटार एकमेकींत मिसळून चिखल होत नाही. बोअर आपल्या मूळ बँडमध्ये गिटार वाजवतो, इथे ड्रम्सवर आहे. नेमका ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळतो आणि सगळा भार तिथूनच येतो. ‘जेल’ जवळजवळ कुजबुजत जातं, ते हेडफोनवरच ऐकावं. शेवटच्या ‘बरी मी इन स्मोक’चा रिफ (गिटारची पुन्हापुन्हा येणारी छोटी धून) इतका घोळवलाय की मान आपोआप हलते.

२००२च्या दुसऱ्या अल्बममध्ये बेसवर पँटेराचा रेक्स ब्राउन आला. रेकॉर्डिंग २८ दिवसांत उरकलं, आणि पंधरा गाण्यांत ते जाणवतं. चार कमी चालली असती. २००७चा तिसरा जास्त बांधीव आहे. २०१२ आणि २०१४च्या ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोट्या रेकॉर्ड. पैसे उरले तरच.