ब्लूजचं घर कुठलं? मेम्फिस, शिकागो की क्लार्क्सडेल

माझ्या एका मित्राची मुलगी शिकागोजवळ राहते. या उन्हाळ्यात तो दोन महिने तिच्याकडे जाणार आहे आणि त्यातले चार दिवस त्यानं स्वतःसाठी मागून घेतलेत. परवा फोनवर म्हणाला, "ब्लूजचं खरं घर कुठलं रे? शिकागोतच उरकू की मेम्फिसला जाऊ? आणि ते क्लार्क्सडेल म्हणतात ते काय?" ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या मजुरांचं गाणं; मेम्फिस आणि क्लार्क्सडेल दक्षिणेत, शिकागो उत्तरेत. मी अर्धा तास बोललो आणि त्याचा गोंधळ वाढवून ठेवला. म्हणून आता शांतपणे लिहून काढतोय. त्याच्यासारखे आणखीही कोणी असतील.

खरी गोची "खरं घर" या शब्दांतच आहे. आपल्याकडचं किराणा घराणं घ्या. किराणा हे उत्तर प्रदेशातलं गाव, पण अब्दुल करीम खाँ स्थायिक झाले मिरजेत, आणि ती गायकी वाढली मिरज, धारवाड, पुण्याकडे. अल्लादिया खाँसाहेबांनी कोल्हापूर दरबारात उमेदीची वर्षं काढली, तरी घराण्याला नाव जयपूरचंच. जन्माचं गाव एक, नावाचं दुसरं आणि कर्तृत्वाचं तिसरं. ब्लूजची गत अगदी हीच आहे, आणि भांडणारे लोक या तिन्हींतलं आपल्या सोयीचं एक धरून बसतात.

जन्माचा मुद्दा काढला तर मेम्फिस आणि शिकागो दोन्ही बाद, कारण ब्लूज शहरात जन्मलेलाच नाही. त्याचा सगळ्यात जुना आणि दाट मुलूख म्हणजे मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधला सपाट गाळाचा पट्टा. तिथले लोक त्यालाच डेल्टा म्हणतात. समुद्राला मिळणारा त्रिभुज प्रदेश तो वेगळा, तो खूप खाली, न्यू ऑर्लीन्सच्या बाजूला. कसदार जमीन, नजर जाईल तिथवर कापूस, आणि तो वेचणारे काळे मजूर. गुलामी १८६५ मध्ये कायद्यानं संपली, पण जमीन गोऱ्या मालकाचीच राहिली. मजुरानं ती अर्धेलीनं कसायची, बियाण्यापासून पिठामिठापर्यंत सगळं मालकाच्याच दुकानातून उधार आणायचं, आणि हंगाम संपला की हिशोब मालकानं सांगायचा. बहुतेक वेळा देणंच निघायचं. वऱ्हाडातल्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. या दोन कापूसमुलखांचं नशीब एकदा थेट जोडलंही गेलं होतं: अमेरिकेतल्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, तिकडचा कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्यांनी इकडचा उचलला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि युद्ध संपताच ओसरला.

या पट्ट्यातलं तालुक्याच्या गावासारखं गाव म्हणजे क्लार्क्सडेल. वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. पण त्याच्या भोवतालची नावं वाचली तरी ब्लूजचा निम्मा इतिहास होतो. गावाबाहेर स्टोव्हॉलचा मळा, जिथे पुढे ब्लूजचा मोठा गायक झालेला मडी वॉटर्स ट्रॅक्टर चालवायचा आणि जिथे १९४१ मध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सनं अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयासाठी त्याचं गाणं पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केलं. खाली दक्षिणेला डॉकरीचा मळा, जिथे चार्ली पॅटन हा सुरुवातीचा ब्लूज गायक राहायचा. आणि जवळच टटवायलर नावाचं छोटं स्टेशन. १९०३ च्या सुमारास तिथे गाडीची वाट बघत पेंगलेल्या डब्ल्यू. सी. हँडी या बँडमास्तराला एक फाटक्या कपड्यातला माणूस गिटारच्या तारांवर सुरी घासत गाताना दिसला. आपण आजवर ऐकलेलं सगळ्यात विचित्र संगीत, असं हँडीनं नंतर आत्मचरित्रात लिहिलं.

आपल्या कानाला ते तितकं विचित्र वाटू नये. सुरीनं किंवा बाटलीच्या गळ्यानं तार घासणं म्हणजे मींडच. ब्लूजचा जो खास स्वर सांगतात, तो कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये कुठेतरी लागतो. पियानोवर तो नाही, म्हणून पाश्चात्त्य कानाला तो चुकल्यासारखा वाटतो. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसरीत उत्तर द्यायचं, ही रचना जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्याला परकी नाही.

क्लार्क्सडेलची जाहिरात मात्र भलत्याच गोष्टीवर चालते. ६१ आणि ४९ क्रमांकाचे महामार्ग जिथे छेदतात तिथे खांबावर निळ्या गिटारी लावल्यात, आणि रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायकानं इथे सैतानाला आत्मा विकून गिटार शिकून घेतली असं सांगतात. ही कथा मुळात टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाबद्दल त्याच्या भावानं सांगितलेली. रॉबर्ट २७ व्या वर्षी, १९३८ मध्ये ग्रीनवुडजवळ वारला; मागे २९ गाणी राहिली, आणि तीही ध्वनिमुद्रित झाली टेक्सासात. त्या चौकात फोटोला पाच मिनिटं पुरतात.

आता नावाचा मुद्दा. इथे मेम्फिसशी कोणी भांडू शकत नाही. हाच हँडी पुढे मेम्फिसला गेला. १९०९ च्या महापौराच्या निवडणुकीत त्यानं एका उमेदवाराच्या प्रचारासाठी बांधलेली चाल १९१२ मध्ये 'मेम्फिस ब्लूज' म्हणून छापून आली, आणि कागदावरच्या ब्लूजला बाजार मिळाला. (हक्क त्यानं किरकोळ रकमेला विकून टाकले होते, पैसा दुसऱ्यांनी केला. ही रीत पुढे फार चालली.) मात्र त्याच वर्षी, काही महिने आधी, 'डॅलस ब्लूज' छापून आलं होतं, तेही ओक्लाहोमा सिटीत. त्यामुळे "पहिलं" या शब्दावर मेम्फिसकरांनी फार जोर देऊ नये.

१९७७ मध्ये तर अमेरिकी संसदेनं ठराव करून मेम्फिसच्या बील स्ट्रीटला "ब्लूजचं घर" जाहीर केलं. म्हणजे सातबारा मेम्फिसच्या नावावर. पण आपल्याकडे "कसेल त्याची जमीन" हीसुद्धा घोषणा होती, आणि कसणारे होते डेल्टात.

तरीही मेम्फिसला नुसता कागदावरचा मालक म्हणणं अन्याय होईल. तिथे म्हण आहे की डेल्टा मेम्फिसच्या पीबडी हॉटेलच्या लॉबीत सुरू होतो. डेल्टाचा कापूस विकायला इथेच यायचा आणि माणसंही. १९४९ मध्ये डब्ल्यूडीआयए या रेडिओ केंद्रानं सगळे कार्यक्रम काळ्या श्रोत्यांसाठी करायला सुरुवात केली. देशात असं पहिलंच. तिथे निवेदन करणाऱ्या एका पोराला "बील स्ट्रीट ब्लूज बॉय" म्हणायचे. त्याचंच पुढे बी. बी. झालं आणि जगाला बी. बी. किंग मिळाला. १९५० मध्ये सॅम फिलिप्सनं युनियन ॲव्हेन्यूवर छोटा स्टुडिओ उघडला आणि पुढच्याच वर्षी तिथे हाऊलिन वुल्फ या गायकाचा तो खरखरीत आवाज पकडला. ते ध्वनिमुद्रण मात्र त्यानं कोणाला दिलं? शिकागोच्या चेस या रेकॉर्ड कंपनीला. काही वर्षांत वुल्फही शिकागोला गेला. मेम्फिसची गोष्ट अशी आहे: माल येतो, पारखला जातो आणि पुढच्या गाडीत चढतो.

ती गाडी म्हणजे इलिनॉय सेंट्रल रेल्वे, डेल्टाला शिकागोशी सरळ जोडणारी. 'शिकागो डिफेन्डर' हे काळ्यांचं वर्तमानपत्र रेल्वेतले नोकर दक्षिणेत पोचवायचे आणि त्यात उत्तरेतल्या नोकऱ्यांच्या बातम्या असायच्या. १९१० मध्ये शिकागोत काळ्यांची वस्ती ४४ हजारांच्या आसपास होती. १९७० मध्ये ११ लाख. मडी वॉटर्स १९४३ च्या मे महिन्यात गेला. पुढच्याच वर्षी क्लार्क्सडेलजवळच्या हॉपसन मळ्यात पेरणीपासून वेचणीपर्यंत पूर्ण यंत्रावर कापसाचं पीक काढून दाखवलं गेलं. मजुराला थांबवणारं उरलंसुरलं कारण संपलं.

शिकागोत मडी दिवसा कागदाच्या कारखान्यात काम करायचा आणि रात्री गुत्त्यात वाजवायचा. तिथल्या गलक्यात साधी गिटार ऐकूच येईना, म्हणून विजेची घेतली. मग साथीला दुसरी गिटार, पियानो, बास, ड्रम्स, आणि लिटल वॉल्टरचा माउथऑर्गन, तोही माइक हातात धरून ॲम्प्लिफायरमधून फुगवलेला. मळ्यावरचं एकट्याचं गाणं ताफ्याचं झालं. पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबातले चेस बंधू ते ध्वनिमुद्रित करत गेले आणि विली डिक्सन गाणी लिहीत गेला. १९६४ मध्ये इंग्लंडचा रोलिंग स्टोन्स हा बँड अमेरिकेत आला तेव्हा चेसच्या स्टुडिओत जाऊन ध्वनिमुद्रण करून आला. बँडचं नावच त्यांनी मडीच्या एका गाण्यावरून घेतलं होतं. आज "ब्लूज" म्हटल्यावर जगभर जो आवाज कानात येतो, तो बहुतांशी शिकागोनं घडवलेला आहे. म्हणून शहरांपुरता वाद घालायचा असेल तर मी शिकागोच्या बाजूनं बसेन. गाणं जन्मलं दुसरीकडे, बारसं तिसरीकडे झालं, पण ज्यांचं ते गाणं त्यांनी संसार थाटला तो इथे. डेल्टातून आलेल्या बाई-माणसांनी इथे भाड्याच्या खोल्या घेतल्या, कारखान्यांत पाळ्या केल्या आणि शनिवारी रात्री पगारातून हे संगीत पोसलं.

दावेदार आणखीही आहेत. सेंट लुईसमध्ये २०१६ पासून राष्ट्रीय ब्लूज संग्रहालय आहे आणि तिथल्या आइस हॉकी संघाचं नावच ब्लूज आहे. न्यू ऑर्लीन्सनं जॅझवर समाधान मानावं. टेक्सासचं म्हणणं तिथल्या ब्लाइंड लेमन जेफरसन या गायकामुळे नाकारता येत नाही. काळ्या गायिकेचं पहिलं गाजलेलं ब्लूज ध्वनिमुद्रण, मॅमी स्मिथचं, १९२० मध्ये न्यूयॉर्कला झालं, पण न्यूयॉर्कला घर कोणी म्हणत नाही.

वाद इथवर. तिकीट काढणाऱ्याला दुसरंच विचारायचं असतं: आज तिथे जाऊन दिसतं काय? मेम्फिस आणि शिकागो, दोन्ही शहरांनी आपापली ब्लूजची घरं स्वतःच पाडली आणि मग पाट्या लावल्या. १९६८ मध्ये सफाई कामगारांच्या संपासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची मेम्फिसमध्ये हत्या झाली. त्यानंतरच्या वर्षांत नूतनीकरणाच्या नावाखाली बील स्ट्रीटच्या आजूबाजूची वस्ती जमीनदोस्त झाली. संसदेचा तो ठराव आला तेव्हा घर म्हणवणारी गल्ली जवळपास ओस होती. ऐंशीच्या दशकात ती पुन्हा उघडली, निऑन दिव्यांसकट. शिकागोत मॅक्सवेल स्ट्रीटचा रविवारचा बाजार, जिथे नवे आलेले वादक रस्त्यावर वाजवायचे, १९९४ मध्ये विद्यापीठाच्या विस्तारासाठी हलवला गेला. साउथ साइड या काळ्यांच्या वस्तीतले जुने क्लब एकेक करून मिटले.

तरी शिकागोत ऐकायला सगळ्यात जास्त मिळतं. बडी गाय या ब्लूज गिटारवादकाचा लेजंड्स क्लब, उत्तरेकडचा किंगस्टन माइन्स, आडबाजूचा रोझाज लाउंज. बडी गायला २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सवात ऐकलेले लोक आपल्यातही आहेत. चेसच्या जुन्या इमारतीत आता विली डिक्सननं स्थापलेली संस्था आहे आणि तो स्टुडिओ बघता येतो. जूनमधला शिकागो ब्लूज महोत्सव १९८४ पासून चालू आहे आणि फुकट आहे. त्या तारखा जुळत असतील तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

मेम्फिसमध्ये बील स्ट्रीटला एक संध्याकाळ पुरे. खरा वेळ द्यावा तो सॅम फिलिप्सच्या स्टुडिओला, ब्लूज हॉल ऑफ फेमला आणि लॉरेन मोटेलला. किंग यांची हत्या झाली ते हे मोटेल; आता तिथे नागरी हक्क संग्रहालय आहे. ब्लूजशी थेट संबंध नाही म्हणून ते वगळणाऱ्याला ब्लूज कळला असं मी म्हणणार नाही.

क्लार्क्सडेलला जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत डेल्टा ब्लूज संग्रहालय आहे आणि त्यात मडीची स्टोव्हॉलवरची लाकडी खोली उचलून आणून ठेवलीय. रिव्हरसाइड हॉटेल पूर्वी काळ्यांचं इस्पितळ होतं. ब्लूज गायिका बेसी स्मिथ १९३७ मध्ये मोटार अपघातानंतर इथेच वारली. गाव गरीब आहे, बरीचशी दुकानं बंद दिसतात, आणि गाडी नसेल तर तिथे जाण्यात अर्थ नाही. शाकाहाऱ्यानं आणखी एक लक्षात ठेवावं: दक्षिणेत हिरवी पालेभाजी म्हणून जे ताटात येतं, त्यातही बहुधा डुकराचं मांस असतं. विचारून घ्यावं.

मित्राला सांगितलं ते असं. वाद जिंकायचा असेल तर शिकागोचं नाव घे, पण चार दिवस तिथे घालवू नकोस. शिकागो मुलीच्या घरून कुठल्याही शनिवारी होईल. 'सिटी ऑफ न्यू ऑर्लीन्स' ही रेल्वेगाडी संध्याकाळी शिकागोहून निघते आणि पहाटे मेम्फिसला सोडते. पहिला दिवस मेम्फिस. दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी घेऊन ६१ नंबरच्या रस्त्यानं क्लार्क्सडेल, दीड तासाची वाट, आणि मुक्काम तिथेच कर. संध्याकाळी परत फिरलास तर संग्रहालय दिसेल, गाणं ऐकायचं राहील. तिसऱ्या दिवशी टटवायलर आणि डॉकरी. चौथ्या रात्री मेम्फिसहून तीच रेल्वेगाडी उलट्या दिशेनं पकड. ती साधारण मडीच्याच वाटेनं उत्तरेला जाते. शक्य तर शुक्रवार-शनिवार क्लार्क्सडेलला येईल असं बघ, आणि तिथल्या खोलीची सोय तिकिटाच्या आधी कर.