इराणच्या टोळ्या: काजारांची चाल की रझा शाहचा दंडुका?

रझा शाहच्या आधी इराणवर राज्य करणाऱ्या काजार घराण्याकडे धड सैन्यच नव्हतं, मग काय, टोळीला टोळी भिडवायची. दक्षिण इराणात मेंढरं घेऊन फिरणारे कश्काई टोळीवाले डोईजड झाले तर 1861-62 मध्ये पाच टोळ्यांचा खम्से नावाचा गट उभा केला नि शिराजच्या कवाम घराण्याच्या हातात दिला. बंदुका लोकांकडेच राहिल्या, पण खर्च कमी ना! लबाडी खरी, तरी मला हाच मार्ग जास्त टिकाऊ वाटतो.

रझा शाहचं उलट. आधी पक्कं सैन्य, मग हत्यारं जमा करा, काळे तंबू सोडून घरात राहा, आणि उन्हाळ्यात डोंगरावर जायचंच नाही म्हटल्यावर मेंढरं पटापट मेली. कश्काईंचा म्होरक्या सौलत-उद्-दौला 1933 ला तेहरानच्या कैदेतच वारला. एवढं करून 1941 ला शाह गादीवरून उतरला नि लोकांनी परत बंदुका उचलल्या, 1943 ला तर सेमीरोम गावची लष्करी छावणीच काबीज केली.