रिमोट डेस्कटॉपवर आठ महिने जकार्ड डिझाइन, आणि राखाडीची हिरवट झाक

आठ महिने झाले, टॉवेल-चादरींची जकार्ड, म्हणजे मागावर विणूनच उमटणारी, डिझाइनं मी जुळे सोलापुरातल्या घरून करते. सॉफ्टवेअर आणि त्याचं डोंगल (ज्याशिवाय ते चालतच नाही अशी छोटी किल्ली) अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याच्या कम्प्युटरला. तो अजून विंडोज 7 वर आहे, कारण नवी आवृत्ती विकत घ्यायला मालक तयार नाहीत. व्हीपीएन लावायचं, म्हणजे कारखान्याच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडायचं, रिमोट डेस्कटॉप उघडायचं, म्हणजे तिथल्या कम्प्युटरची स्क्रीन घरी आणायची, आणि कामाला लागायचं. पेट्रोल वाचलं, मे महिन्याचं ऊन चुकलं. तक्रार एकच, पण ती थेट माझ्या पोटावर येते: रंग.

तिसऱ्या महिन्यात एका टॉवेलच्या काठाला गडद ते फिका असा राखाडी उतरता (ग्रेडियंट) हवा होता. स्क्रीनवर त्याचे पट्टे पडले. एक पट्टा हिरवट, पुढचा गुलाबीसर. क्रीम आणि ऑफ-व्हाइट तर वेगळे ओळखूच येईनात. मी डोळ्याच्या अंदाजाने राखाडी सुधारत बसले. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या स्क्रीनवर माझं तेच ‘सुधारलेलं’ राखाडी चक्क गुलाबीकडे झुकलेलं. दोन रात्री वाया.

संशय मॉनिटरवर गेला. नवी पेठेतून 5,500 रुपयांना जुना घेतला होता. स्कूटरवर बांधून दोनदा परत नेला. दुकानदार म्हणाले, “ताई, स्क्रीन चांगली आहे, दुसरीकडे कुठेतरी गडबड आहे.” मी त्यांना बरंच बोलले. त्याच रागात या मॉनिटरला रिव्ह्यूत एक स्टार द्यायचं ठरवलं होतं.

तो स्टार मी मागे घेते. घरच्या कम्प्युटरवर थेट उघडलेला तोच उतरता स्वच्छ दिसत होता. स्क्रीनवरच्या एकेका ठिपक्याचा रंग किती बिटमध्ये साठवतात, ते बघितलं: घरचा कम्प्युटर 32 बिट सांगत होता, रिमोट सेशनमधलं, म्हणजे त्या दूरच्या जोडणीतलं, सॉफ्टवेअर मात्र डिस्प्ले 16 बिटचा आहे असं दाखवत होतं. ते बदलायला गेले तर विंडोजचं उत्तर: रिमोट सेशनमधून डिस्प्ले सेटिंग बदलता येत नाही. म्हणजे सॉफ्टवेअरला माझा मॉनिटर दिसतच नाही. सेशन जे सांगेल तेच त्याच्यासाठी खरं.

16 बिटमध्ये लाल आणि निळ्याला 5-5 बिट, म्हणजे 32 पायऱ्या. हिरव्याला 6 बिट, 64 पायऱ्या. राखाडीत लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे समान असावे लागतात, पण इथे हिरवा वेगळ्या पायरीवर थांबतो. 100-100-100 चा राखाडी आयड्रॉपरने (स्क्रीनवरचा रंग टिपणाऱ्या साधनाने) उचलला तर 99-101-99 मिळाला. मूळ फाइलमधले रंग शाबूत असतात. बिघडतात ते आपण स्क्रीनवर बघून सुधारलेले किंवा स्क्रीनवरून उचललेले. माझं नुकसान तिथेच झालं.

उपाय दोन्ही टोकांना करावा लागला. घरी, रिमोट डेस्कटॉपच्या डिस्प्ले टॅबमध्ये ‘हायेस्ट क्वालिटी 32 बिट’. जोडणीची सेटिंग ठेवणारी सेव्ह केलेली आरडीपी फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘सेशन बीपीपी’च्या (एका ठिपक्याला किती बिट) ओळीत 16 चं 32 केलं. तरी फरक पडला नाही, कारण कारखान्याच्या कम्प्युटरवर कुणीतरी कधीतरी ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या नियमांच्या यादीत) रंगांची कमाल मर्यादा 16 बिट करून ठेवली होती. दोन्हींपैकी कमी असेल तेच लागू होतं. ती मर्यादा काढली, सेशन नुसतं तोडलं नाही, पूर्ण लॉगऑफ करून पुन्हा जोडलं, आणि पट्टे गेले. नेट दुप्पट खाईल या भीतीने मी महिनाभर हा बदल टाळला होता. माझ्या कनेक्शनवर वेगात काहीच फरक जाणवला नाही.

एक दुखणं राहिलंच. घरच्या मॉनिटरचं कलर प्रोफाइल (तो रंग कसे दाखवतो याची नोंद) सेशनमध्ये पोचत नाही, पलीकडचं सॉफ्टवेअर त्याला साधा डिस्प्ले समजतं. म्हणून मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांनी तो एसआरजीबी या प्रमाणित रंगांच्या मोडवर टाकला आणि स्क्रीन पिवळसर करणारी नाइट लाइट कायमची बंद केली. बरंच जवळ आलं, तंतोतंत नाही. हात आखडता घेणाऱ्या मालकांना मी हेच सांगत असते, पण त्यांना आकडे नकोत, टॉवेल हवा.

तर मॉनिटरला चार स्टार, रिमोट डेस्कटॉपला साडेतीन. रंग उचलायचा असेल तर मी आता स्क्रीनवरून उचलत नाही, मूळ फाइलमधले आकडे टाइप करते. शेवटची छटा सकाळी दहाच्या आत, गॅलरीच्या उजेडात, रंगवलेल्या सुताचं शेड कार्ड (छटांच्या नमुन्यांचं कार्ड) हातात धरूनच ठरवते. नवी पेठेतल्या त्या दुकानदारांकडे जाऊन, चूक त्यांच्या मालाची नव्हती, हेही सांगून आले.